पाकीटबंद खाऊची मागची बाजू कशी वाचावी

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीच्या कुठल्याही किराणा दुकानात दोन राज्यांचा खाऊ शेजारी शेजारी टांगलेला असतो. कोल्हापूर-सांगलीकडून आलेले भडंग आणि चिवडा, गोकाकचा करदंट, इथल्याच बेकरीतली खारी आणि टोस्ट, स्थानिक शेव-पापडी आणि या सगळ्यांच्या मधोमध मोठ्या कंपन्यांचे वेफर्स, बिस्किटे, नूडल्स. घरात मराठी, दुकानाच्या पाटीवर कन्नड आणि पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांतली इंग्रजी, अशी आपल्या भागातल्या ग्राहकाची स्थिती आहे. लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत दिली की कायद्याचे समाधान होते. मराठी किंवा कन्नड छापायची की नाही, हे उत्पादकाच्या मर्जीवर सोडलेले आहे. त्यामुळे उत्तम वाचता येणारी आजी किंवा आईसुद्धा पाकिटाची पुढची बाजू पाहून खाऊ निवडते, आणि ती बाजू तर विक्रीसाठीच रंगवलेली असते.

मागची बाजू मात्र कायद्याने लिहायला लावलेली आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा आहे आणि लेबलवर काय असावे याचे सध्याचे विनियम २०२० सालचे आहेत. त्यांनुसार मागे दोन महत्त्वाच्या गोष्टी मिळतात: घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता. दोन्हींची भाषा वजनाची आहे. म्हणून या मार्गदर्शनात एकच रीत धरली आहे, ती म्हणजे छापलेला प्रत्येक आकडा आपण प्रत्यक्ष खातो तेवढ्या वजनावर आणायचा आणि मग तो आपल्या स्वयंपाकघरातल्या चमच्यात मोजायचा. ही सवय लागली की इंग्रजीचे आठ-दहा शब्द ओळखता येणे पुरेसे होते, आणि तेवढे शब्द खाली देवनागरीतच दिले आहेत. अक्षरे फारच बारीक असतील तर मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून पाहावा, किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाला मोठ्याने वाचायला सांगावे. दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे, कारण त्यात मूलही शिकते.

घटकांची यादी: पहिली तीन नावे

पाकिटावर "इंग्रीडियंट्स" हा शब्द शोधावा. त्यापुढे येणारी नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक आहे. तयार करताना जो घटक सर्वांत जास्त वापरला, त्याचे नाव पहिले. जो सर्वांत कमी, त्याचे शेवटी. म्हणजे पहिली तीन नावे वाचली की त्या पाकिटातला बहुतेक ऐवज कळतो. बिस्किटाच्या पुड्यावर "रिफाइंड व्हीट फ्लोअर, शुगर, पाम ऑइल" असा क्रम असेल, तर तो पुडा म्हणजे मैदा, साखर आणि पामतेल आहे. दूध, बदाम, मध यांची चित्रे पुढे कितीही मोठी असली, तरी ती नावे यादीत आठव्या-दहाव्या जागी आली असतील, तर त्यांचे प्रमाण नाममात्र असते.

पिठाच्या बाबतीत शब्द नीट पाहावेत. "रिफाइंड व्हीट फ्लोअर" म्हणजे मैदा. "होल व्हीट फ्लोअर" किंवा "आटा" म्हणजे कोंड्यासकट दळलेले गव्हाचे पीठ. नुसते "व्हीट फ्लोअर" लिहिले असेल, तर तंतूंचा, म्हणजे "डाएटरी फायबर"चा आकडा तक्त्यात शोधावा. तो शंभर ग्रॅमला दोन-तीन ग्रॅमच असेल, तर पीठ बहुतांश मैद्याचेच आहे असे समजायला हरकत नाही.

आपल्या भागात नाचणी आणि ज्वारी या घरच्या गोष्टी आहेत, आणि म्हणूनच नाचणीच्या बिस्किटांचा किंवा ज्वारीच्या पफचा पुडा पाहिला की विश्वास लगेच बसतो. इथे विनियमांतली एक तरतूद फार कामाची आहे. एखाद्या घटकाचा उल्लेख किंवा चित्र उत्पादकाने पुढच्या बाजूला ठळकपणे दाखवले, तर तो घटक किती टक्के वापरला हे त्याला लिहावे लागते. म्हणून नाचणीचा पुडा उलटा करून "रागी" या शब्दाच्या शेजारचा टक्का वाचावा. तो आठ किंवा दहा टक्के असेल आणि यादीत पहिले नाव मैद्याचे असेल, तर ते मैद्याचे बिस्किट आहे, त्यात नाचणी घातलेली आहे. नाचणी पन्नास टक्क्यांच्या वर असेल तर त्या नावाला अर्थ आहे. "मल्टिग्रेन" या शब्दाबद्दलही असेच पाहावे, कारण पाच धान्ये असल्याचे सांगणारा तो शब्द त्या पाच धान्यांचे मिळून वजन किती, हे सांगत नाही.

साखरेची नावे अनेक आहेत आणि यादीतली खरी गुंतागुंत इथेच आहे. "शुगर", "लिक्विड ग्लुकोज", "इन्व्हर्ट सिरप", "डेक्स्ट्रोज", "फ्रुक्टोज", "कॉर्न सिरप", "जॅगरी" आणि "हनी" ही सगळी गोड घटकांची नावे आहेत; "माल्टोडेक्स्ट्रिन" चवीला फारसे गोड नसते, पण शरीरात त्याचे ग्लुकोज लवकर होते. एकच मोठा वाटा तीन-चार नावांत विभागला गेला की प्रत्येक नाव यादीत खाली सरकते आणि पहिल्या जागी धान्य दिसते. यावर उपाय असा की यादीत गोडाची किती नावे आहेत ती आधी मोजावीत आणि मग तक्त्यातल्या "अ‍ॅडेड शुगर्स"च्या आकड्याकडे वळावे, कारण तो आकडा या गोड घटकांतून आलेल्या साखरेची बेरीज असतो.

गुळाबद्दल आपल्याकडे फार जिव्हाळा आहे, आणि उसाच्या या पट्ट्यात तो असणारच. गुळात साखरेच्या तुलनेत थोडी खनिजे जास्त असतात, हेही खरे आहे. परंतु त्याचा मोठा भाग साखरच आहे, आणि रक्तातल्या साखरेसाठी गुळाची चिक्की व साखरेची चिक्की यांत फार अंतर नाही. चिक्कीत चांगले आहेत ते शेंगदाणे. करदंटात चांगला आहे तो सुका मेवा आणि डिंक. ते किती टक्के आहेत हे पाहून निवड करावी.

तेलाचे नाव पुढे येते. "एडिबल व्हेजिटेबल ऑइल" असे लिहून त्यानंतर कंसात तेलाचे नाव असते आणि ते बहुधा पामोलीन, म्हणजे पामतेलाचा पातळ भाग, असते, कारण ते स्वस्त आहे आणि तळलेला पदार्थ त्यात बरेच दिवस टिकतो. पामोलीनमध्ये संपृक्त मेद ("सॅच्युरेटेड फॅट", म्हणजे जास्त खाल्ला तर हृदयाला अपायकारक ठरणारा मेद) चाळीस टक्क्यांच्या वर असतो. शेंगतेलात तो वीस टक्क्यांच्या आसपास आणि सूर्यफुलाच्या तेलात दहा-बारा टक्के असतो. ही तुलना लक्षात ठेवावी, पुढे तक्ता वाचताना ती लागेल. "हायड्रोजनेटेड" हा शब्द दिसला तर ते वनस्पती तूप किंवा त्याच जातीचा घट्ट केलेला मेद आहे. "इंटरएस्टरिफाइड" हा शब्दही घट्ट मेदच सांगतो, मात्र त्याची प्रक्रिया वेगळी असते.

पोषणाचा तक्ता: एक पाकीट पूर्ण मोजून पाहू

"न्यूट्रिशनल इन्फर्मेशन" या मथळ्याखाली हा तक्ता असतो. त्यात ऊर्जा (एनर्जी), प्रथिने (प्रोटीन), कर्बोदके (कार्बोहायड्रेट), एकूण साखर (टोटल शुगर्स), वरून घातलेली साखर (अ‍ॅडेड शुगर्स), एकूण मेद (टोटल फॅट), संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट), ट्रान्स मेद (ट्रान्स फॅट), कोलेस्टेरॉल आणि सोडियम हे आकडे शंभर ग्रॅममागे दिलेले असतात. शेजारच्या रकान्यात "पर सर्व्ह" म्हणजे एका वेळच्या खाण्यात रोजच्या गरजेचा किती टक्का येतो, ते लिहिलेले असते. हा टक्का प्रौढ माणसाच्या २,००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम मेद, २२ ग्रॅम संपृक्त मेद, २ ग्रॅम ट्रान्स मेद, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम या दैनिक मापांवर काढला जातो. हे सहा आकडे एका कागदावर लिहून स्वयंपाकघरातल्या फळीला चिकटवून ठेवावेत.

आता अडचण कुठे येते ते पाहू. एका वेळचे खाणे किती धरायचे, हे उत्पादक ठरवतो. शेवेच्या पाकिटावर ते वीस ग्रॅमही असू शकते. वीस ग्रॅम शेव म्हणजे जेमतेम मूठभर, आणि पावसाळ्याच्या संध्याकाळी चहाबरोबर कोणीही तेवढ्यावर थांबत नाही. म्हणून टक्क्यांचा रकाना बाजूला ठेवावा आणि शंभर ग्रॅमच्या रकान्यापासून स्वतः हिशेब करावा.

उदाहरणादाखल दोनशे ग्रॅमच्या शेवेचे एक पाकीट घेऊ. आकडे कोणत्याही एका कंपनीचे नाहीत, परंतु या जातीच्या पाकिटांवर साधारण असेच असतात. शंभर ग्रॅमला ऊर्जा ५६७ किलोकॅलरी, प्रथिने १२ ग्रॅम, कर्बोदके ४२ ग्रॅम, एकूण मेद ३९ ग्रॅम, संपृक्त मेद १६ ग्रॅम आणि सोडियम ८०० मिलिग्रॅम. आधी आकडे एकमेकांशी जुळतात का ते तपासता येते: एक ग्रॅम प्रथिने किंवा कर्बोदके सुमारे ४ किलोकॅलरी देतात आणि एक ग्रॅम मेद ९. बारा चोक अठ्ठेचाळीस, बेचाळीस चोक एकशे अडुसष्ट, एकोणचाळीस नव्वे तीनशे एक्कावन्न, बेरीज ५६७. म्हणजे या शेवेतल्या ऊर्जेचा साठ टक्क्यांहून अधिक भाग एकट्या तेलातून येतो.

घरात चार जण आहेत आणि पाकीट एका बैठकीत संपले, असे धरू. प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास ग्रॅम आली. त्यात मेद साडेएकोणीस ग्रॅम, म्हणजे चहाच्या लहान चमच्याने चार चमचे तेल, आणि रोजच्या मापाचे २९ टक्के. संपृक्त मेद आठ ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या एक तृतीयांशाहून जास्त. सोडियम ४०० मिलिग्रॅम. सोडियमचे मीठ करायचे असेल तर अडीचने गुणावे. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत आहे. आमटी, भाजी, लोणचे, पापड यांच्यातले मीठ अजून मोजायचे राहिलेच आहे. छापील रकाना वीस ग्रॅमचा असेल, तर त्यावर मेदाच्या पुढे सुमारे १२ टक्के दिसतील. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त एक आकडा मूठभर शेवेचा आहे आणि दुसरा आपल्या ताटलीचा.

याच तक्त्यातून तेलाची जातही ओळखता येते. संपृक्त मेदाला एकूण मेदाने भागावे. सोळा भागिले एकोणचाळीस म्हणजे सुमारे चाळीस टक्के, आणि वर पाहिल्याप्रमाणे हे प्रमाण पामोलीनचे आहे. हाच भागाकार वीस टक्क्यांच्या आसपास आला, तर ती शेव शेंगतेलासारख्या तेलात तळलेली असण्याची शक्यता बरीच. आपल्याकडे अजूनही शेंगतेलात तळणारे छोटे कारागीर आहेत आणि त्यांचा माल थोडा महाग असतो. तो भाव कशाचा आहे, हे हा भागाकार दाखवतो.

दोन पाकिटांची तुलना करायची असेल तर नेहमी शंभर ग्रॅमच्या रकान्यांचीच करावी. किती म्हणजे जास्त, यासाठी ब्रिटनमध्ये पाकिटांवर वापरली जाणारी लाल खुणेची मापे मला सोयीची वाटतात: शंभर ग्रॅममध्ये मेद साडेसतरा ग्रॅमच्या वर, संपृक्त मेद पाच ग्रॅमच्या वर, साखर साडेबावीस ग्रॅमच्या वर किंवा मीठ दीड ग्रॅमच्या वर, म्हणजे सोडियम ६०० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर तो पदार्थ त्या बाबतीत जड समजावा. आपले बहुतेक तळलेले फरसाण यांतल्या तीन मापांत जड निघते.

भडंगाच्या बाबतीत मात्र शंभर ग्रॅमचा रकाना वाचून घाबरून जाऊ नये. चिरमुरे वजनाला अत्यंत हलके असल्यामुळे भडंगाची एक वाटी साधारण वीस-पंचवीस ग्रॅमच भरते, तर तीच वाटी शेवेने भरली तर वजन जवळपास दुप्पट होते. म्हणून घरात छोटा वजनकाटा असेल, तर आपल्या नेहमीच्या वाटीत कोणता खाऊ किती ग्रॅम मावतो, ते एकदा मोजून लिहून ठेवावे. हे पाच मिनिटांचे काम आहे आणि त्यानंतर तक्ता खऱ्या अर्थाने वाचता येतो. भडंगात तेल आणि मीठ किती ओतले आहे, यात उत्पादकागणिक मोठा फरक असतो, आणि चिरमुरे तयार होतानाच त्यांत मीठ गेलेले असते, हेही लक्षात असावे.

गोड बिस्किटांचा हिशेब छोटा आहे, पण रोजचा असल्यामुळे महत्त्वाचा आहे. शंभर ग्रॅमला चोवीस ग्रॅम साखर आणि एका बिस्किटाचे वजन पाच ग्रॅम धरले, तर चार बिस्किटांत सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा साखर येते. चहात दोन चमचे असतील तर एका चहाला तीन चमचे झाले. सकाळ-संध्याकाळ मिळून सहा, म्हणजे तीसेक ग्रॅम. पन्नास ग्रॅमच्या मापातली निम्म्याहून अधिक जागा चहा-बिस्किटांतच भरली, आणि ते पन्नास ग्रॅमसुद्धा वरची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पंचवीस ग्रॅमच्या आत राहणे अधिक हितकारक आहे.

आकड्यांत लिहिलेली नावे

यादीच्या शेवटी कंसांत आकडे दिसतात: ३३०, ६२७, ६३१, ५५१, ३१९. हे चवीसाठी, रंगासाठी किंवा टिकण्यासाठी मिसळलेल्या पदार्थांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक आहेत आणि त्यांच्यामागे साधी नावे आहेत. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबातले आंबट. २९६ म्हणजे मॅलिक आम्ल, तेही आंबटपणासाठी. ५००(ii) म्हणजे खाण्याचा सोडा. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनचे. ५५१ मसाला भुरभुरीत राहावा म्हणून असते. ३१९ हे तेल खवट होऊ नये म्हणून घालतात आणि त्याची कमाल मर्यादा ठरलेली आहे. ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. ६२७ आणि ६३१ हे त्याच कामाचे, चव वाढवणारे पदार्थ आहेत. रंगांमध्ये १६०सी हा मिरचीतून काढलेला अर्क आहे आणि १५०च्या पुढे अक्षर असलेले क्रमांक कॅरामेलचे आहेत, तर १०२, ११०, १२२ आणि १२४ हे कृत्रिम रंग आहेत. कृत्रिम रंगांना ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणातच परवानगी आहे.

या आकड्यांची भीती गरजेपेक्षा जास्त पसरलेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाकिटात ६२१ आहे का, हे विचारणारे अनेक असतात. सोडियम किती, हे विचारणारे कमी. वस्तुतः ६२१ मध्ये सोडियम सुमारे बारा टक्के असते आणि साध्या मिठात एकोणचाळीस टक्के. ज्याला एखाद्या घटकाने त्रास होतो त्याने तो टाळावाच, आणि लहान मुलांच्या खाऊत कृत्रिम रंग नसलेला बरा. पण ज्या घटकांचे वजन ग्रॅमच्या शतांशात आहे त्यांच्यावर नजर खिळवून, ज्यांचे वजन दहा-वीस ग्रॅम आहे ते मीठ-साखर-तेल सोडून देणे हा हिशेब उलटा आहे. रंगाचा खरा धोका बऱ्याचदा लेबल नसलेल्या वस्तूंत असतो: मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यावर आणि रंगीत बॉम्बे मिठाईवर, म्हणजे कॉटन कँडीवर, बंदी घातली, कारण नमुन्यांत रोडामाइन-बी हा कापड रंगवण्याचा रंगसुद्धा सापडला होता.

पुढच्या बाजूचे दावे

"झिरो कोलेस्टेरॉल" हे वाक्य वनस्पतिजन्य तेलात तळलेल्या कोणत्याही पदार्थाबाबत खरेच असते, कारण कोलेस्टेरॉल फक्त प्राणिजन्य पदार्थांत असते. त्या वाक्याने संपृक्त मेद कमी होत नाही. "झिरो ट्रान्सफॅट"चेही तसेच. १ जानेवारी २०२२ पासून ट्रान्स मेदावर दोन टक्क्यांची मर्यादा सर्वांनाच लागू आहे, तेव्हा तो त्या एका उत्पादकाचा विशेष गुण राहत नाही. "बेक्ड" हा शब्द वाचून मेदाचा आकडा पाहायचे थांबू नये. आपल्या बेकऱ्यांतली खारी तळलेली नसते, भट्टीत भाजलेली असते, आणि तरीही तिच्या वजनाचा पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त मेद असतो. पापुद्रे सुटतात तेच त्यामुळे.

"शुगर फ्री" म्हणायला शंभर ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमच्या आत लागते, "लो फॅट"साठी मेद तीन ग्रॅमच्या आत आणि "हाय फायबर"साठी तंतू किमान सहा ग्रॅम. हे दावे कायद्याने मोजलेले आहेत, त्यामुळे त्यांना अर्थ आहे. "घरगुती चव", "पारंपरिक", "हेल्दी" यांसारख्या शब्दांवरून मात्र वजनाबद्दल काहीच कळत नाही.

घरातल्या माणसांप्रमाणे वाचन

मधुमेह असलेल्या माणसाने "शुगर फ्री" बिस्किटाच्या पुड्यावर साखरेच्या आधी एकूण कर्बोदकांचा आकडा पाहावा. साखर नसली तरी मैदा असतोच, आणि तो पचून ग्लुकोजच होतो. अशा पुड्यांत माल्टिटॉलसारखे पॉलिऑल, म्हणजे साखरेऐवजी गोडीसाठी घातलेले पदार्थ, असतील तर ते जास्त खाल्ल्याने पोट बिघडू शकते, आणि तशी सूचना लेबलवर शोधावी. रक्तदाब असलेल्याने सोडियमची ओळ आधी वाचावी. सोडियम खाण्याच्या सोड्यातूनही येते, म्हणून चवीला खारट न लागणाऱ्या बिस्किटांतही ते बरेच निघते.

मुलांसाठी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पाकिटावरचे सगळे टक्के प्रौढाचे आहेत. चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची ऊर्जेची गरज साधारण १,३०० ते १,४०० किलोकॅलरी असते, त्यामुळे पाकिटावर पंधरा टक्के लिहिले असेल तर मुलाच्या बाबतीत ते बावीस-तेवीस टक्के होतात. शाळेच्या वाटेवर पाच रुपयांचे पाकीट घेऊन दिले की दुपारचा डबा परत येतो, याचे कारण या हिशेबातच आहे. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला गोड बिस्किटे आणि खारट खाऊ देऊच नये.

एकादशी किंवा चतुर्थीचा उपवास करणाऱ्यांनी, तसेच कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या जैन कुटुंबांनी, नुसत्या हिरव्या खुणेवर विसंबू नये. हिरव्या चौकोनातला हिरवा गोल म्हणजे शाकाहारी, आणि तपकिरी चौकोनातला तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी, एवढेच ती खूण सांगते. वेफर्सच्या यादीत "सीझनिंग" या शब्दानंतरचा कंस पूर्ण वाचावा. "अनियन पावडर" आणि "गार्लिक पावडर" बहुधा तिथेच असतात. ज्यांना शेंगदाणे, दूध, गहू किंवा सोयाबीनची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यासाठी यादीच्या खाली "कंटेन्स" या शब्दाने सुरू होणारी वेगळी ओळ असते.

लेबल अपुरे असेल तेव्हा

अगदी लहान पुड्यांना, म्हणजे ज्यांचे पृष्ठफळ शंभर चौरस सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही त्यांना, यादी आणि तक्ता छापण्यातून सूट आहे. ती माहिती ज्या मोठ्या पाकिटातून किंवा खोक्यातून त्या पुड्या आल्या, त्यावर असावी लागते. दुकानदाराला तो खोका दाखवायला सांगावे.

एफएसएसएआय या केंद्रीय अन्न प्राधिकरणाच्या परवान्याचा चौदा अंकी क्रमांक जवळपास प्रत्येक पाकिटावर असतो आणि सीमाभागात तो वाचायला फार उपयोगी पडतो. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यवसायाची नोंदणी. त्यापुढचे दोन अंक राज्याचे: कर्नाटकासाठी १२, महाराष्ट्रासाठी १५, आणि केंद्रीय परवाना असेल तर ००. म्हणजे क्रमांक ११२ ने सुरू झाला तर परवाना कर्नाटकातला आणि ११५ ने सुरू झाला तर महाराष्ट्रातला. तो क्रमांक खरा आहे का, हे फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहता येते. प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंडाला पिना मारलेल्या, कोणताही कागद नसलेल्या फरसाणाबद्दल मात्र काहीच सांगता येत नाही. त्यात कोणते तेल आहे आणि ते कितीदा तापवलेले आहे, हे विचारायला हवे, कारण पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात घातक संयुगे साठत जातात, आणि म्हणूनच १ जुलै २०१८ पासून अशा तेलातल्या ध्रुवीय संयुगांवर, म्हणजे तेल तापून बिघडताना तयार होणाऱ्या पदार्थांवर, पंचवीस टक्क्यांची मर्यादा आहे. ओळखीचा, रोज ताजे तळणारा कारागीर असेल तर लेबल नसतानाही मी त्याच्याकडून घेईन, पण विचारून.

तारखांत "एक्स्पायरी" किंवा "यूज बाय" ही सक्तीची तारीख आहे. ती उलटली असेल तर पाकीट घेऊ नये, सवलतीत मिळत असले तरी. "बेस्ट बिफोर" ही ऐच्छिक आहे आणि ती दर्जाबद्दल आहे. पाकीट घरी आणल्यावर खाऊ डब्यात ओतून पाकीट केरात टाकण्याची आपली पद्धत बदलावी. मागचा भाग कापून डब्यातच झाकणाखाली ठेवावा, म्हणजे तारीख, बॅच क्रमांक आणि तक्ता हाताशी राहतात.

खाऊ खवट निघाला, बुरशी किंवा किडे निघाले, अथवा लेबलच खोटे वाटले, तर हे कापलेले लेबल, बिल आणि बॅच क्रमांकाचा फोटो लागतो. माल महाराष्ट्रात तयार झालेला असला, तरी तो बेळगाव जिल्ह्यात विकत घेतला असेल तर तक्रार इथल्याच अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे करावी. फूड सेफ्टी कनेक्ट या अ‍ॅपवर, अन्न प्राधिकरणाच्या १८००-११-२१०० या मोफत क्रमांकावर आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. नमुना तपासून घेण्याचा अधिकार कायद्याच्या कलम ४० ने सामान्य ग्राहकालाही दिलेला आहे. त्यासाठी खरेदी करतानाच विक्रेत्याला तसे सांगावे लागते आणि ठरलेली फी भरून नमुना अन्न विश्लेषकाकडे द्यावा लागतो. नमुना नियमांत बसत नसल्याचे अहवालात निघाले, तर ती फी परत मिळते.